वाफसा न आलेली कुंडी : शोभेच्या ओरेगॅनोच्या तीन रोपांचं प्रकरण

माझ्या धाकट्या मावसबहिणीकडे शोभेच्या ओरेगॅनोची तीन रोपं होती. तिन्ही ‘केंट ब्यूटी’ या वाणाची. एकाच दिवशी आणलेली, एकाच घमेल्यात कालवलेल्या मातीत लावलेली, एकाच झारीनं पाणी घातलेली आणि एकाच कठड्यावर शेजारी शेजारी ठेवलेली. लावणीनंतर साडेतीन महिन्यांनी मी पाहायला गेले तेव्हा पहिलं रोप मेलं होतं, दुसरं मरणाच्या दारात होतं आणि तिसरं कुंडीच्या काठावरून फिकट गुलाबी झुबके सोडून छान लोंबत होतं. तिघांमध्ये वेगळी होती ती फक्त कुंडी.

हे सगळं तपशिलात लिहायला दोन कारणं आहेत. शोभेचा ओरेगॅनो दगावतो तेव्हा बहुतेक वेळा याच वाटेनं दगावतो, आणि ती वाट बाहेरून अगदी उलटी दिसते. रोप तहानलेलं वाटतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. दुसरं कारण असं की यातली एक चूक माझ्या सल्ल्यामुळे झाली होती. ती मला नीट मांडायची आहे.

रोप कुठलं, स्वभाव कसला

ओरेगॅनो म्हटलं की वाळलेला मसाला आठवतो. पण ओरिगॅनम या वंशात अनेक जाती आहेत. ईट्सवार्ट या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९८० साली या वंशाची फेरमांडणी केली तेव्हा ३८ जाती धरल्या. त्यांपैकी बहुतेक पूर्व भूमध्य प्रदेशातल्या, आणि सगळ्यात जास्त तुर्कस्तानातल्या. त्यातल्या काही जातींना वासापेक्षा रूपच अधिक. त्याच पुढे बागेत आल्या आणि त्यांचे आपसात संकर झाले. ‘केंट ब्यूटी’ हा रोटुंडिफोलियम आणि स्कॅब्रम या दोन जातींचा संकर. पहिली तुर्कस्तान आणि जॉर्जियाकडच्या खडकाळ उतारांवरची, दुसरी दक्षिण ग्रीसच्या डोंगरांतली. आईबाप दोघंही डोंगरातले. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

कूळ तुळशी-पुदिन्याचं. चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, दोन ओठांचं इवलंसं फूल, सगळं ओळखीचं. तुळशीची मंजिरी उलटी लोंबते आहे, तिच्यातलं प्रत्येक छोटं पान कागदासारखं पातळ होऊन नखाएवढं वाढलं आहे आणि खवल्यांसारखं एकावर एक बसलं आहे, असं डोळ्यांपुढे आणा. तो ‘केंट ब्यूटी’चा झुबका. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर ही सहपत्रं, बोगनवेलीसारखीच. आधी फिकट पोपटी असतात, मग कडेनं गुलाबी होत जातात. खरं फूल त्यांच्या फटीतून जांभळट नळीसारखं डोकावतं आणि चार दिवसांत गळून जातं. सहपत्रं मात्र आठवडेच्या आठवडे टिकतात.

रोप बुटकं, वीतभर उंचीचं, पण पसरतं हात-दीड हात आणि दांडे स्वभावतःच खाली झुकतात. म्हणून ते काठावर, उंच कुंडीत किंवा दगडी बांधावर शोभतं. सपाट जमिनीत ते झुबके मातीत लोळवतं.

लावणी आणि वही

लावणीच्या आधी तिनं फोनवर विचारलं होतं, “ताई, माती कशी करू?”

मी दुसऱ्याच कामात होते. म्हटलं, “अगं, याला निचरा हवा. वाळू मिसळ भरपूर.”

कुठली वाळू ते मी सांगितलं नाही. तिच्या दारात गिलाव्यासाठी चाळून ठेवलेली वाळू पडली होती, तिनं तीच घातली. एक भाग बागेची माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धा भाग ती मऊ, बारीक वाळू.

कुंड्या अशा होत्या. दोन चिनी मातीच्या, झिलईच्या, पसरट: तोंड ३५ सेंटिमीटर आणि खोली जेमतेम १८. तळाला एकच भोक, त्यावर खापरी, वर निचरा व्हावा म्हणून ५ सेंटिमीटर खडीचा थर. काठ सोडला तर मातीला जागा उरली १२ सेंटिमीटरची. खाली कठडा खराब होऊ नये म्हणून ताटल्या. तिसरी कुंडी साध्या भाजलेल्या मातीची, उभट, ३२ सेंटिमीटर खोल, तळाला तीन भोकं. तिच्यासाठी खडी उरली नव्हती म्हणून नुसतीच माती भरली, आणि ताटली बसेना म्हणून विटेच्या दोन तुकड्यांवर टेकवली.

तिला वही ठेवायची सवय आहे आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त मदत त्या वहीची झाली. पहिल्या सहा आठवड्यांच्या नोंदी आनंदाच्या आहेत: “पानं मोठी, जोमात.” दर पंधरा दिवसांनी पातळ खत दिल्याची नोंद आहे, रोज संध्याकाळी पानांवरून पाणी दिल्याची आहे. नवव्या आठवड्यात पसरट कुंड्यांबद्दल लिहिलंय, “खालची पानं पिवळी. पाणी कमी पडतंय?” दहाव्यात, “दुपारी माना टाकतात. सकाळीही पाणी सुरू केलं.” मग आठ दिवस पावसाची झड. तेराव्या आठवड्यात एकच ओळ: “पहिलं गेलं.”

‘पाणी कमी पडतंय?’ या प्रश्नचिन्हाशी मी बराच वेळ थांबले. तिला शंका आली होती. तिनं तपासलंही होतं. बोटाचं एक पेर मातीत घालून पाहिलं होतं, माती कोरडी लागली, म्हणून पाणी वाढवलं. तिनं केलं ते बहुतेक पुस्तकं सांगतात तेच.

उकरून पाहिलं तेव्हा

मी आधी कुंडीला हात लावला नाही, पानं चिमटीत धरून पाहिली. ‘केंट ब्यूटी’चे दांडे एरवीही झुकलेलेच असतात, त्यामुळे नुसत्या नजरेला सुकणं कळत नाही. निरोगी पान गोलसर, निळसर हिरवं, शिरा उठून दिसणारं आणि बोटाला चिवट लागतं. दुसऱ्या रोपाचं पान ओल्या फडक्यासारखं लागलं. तहानलेल्या रोपाचं पान असं लागत नाही, ते पातळ आणि कडेनं कुरकुरीत होतं. वेळ संध्याकाळची होती, ऊन उतरून तास-दीड तास झाला होता, तरी शेंडे वर आले नव्हते. तहान असती तर कुंडी हलकी लागली असती आणि सकाळच्या पाण्यानंतर दोन तासांत रोप ताठ झालं असतं. मी कुंडी उचलली. दोन्ही हातांना जड लागली.

मग एक लांब लाकडी काडी थेट तळापर्यंत खोचली आणि दहा मिनिटांनी काढली. वरचा दोन सेंटिमीटर भाग कोरडा, फिकट. त्याखाली काडी काळपट ओली, आणि टोकाला तुंबलेल्या मोरीसारखा वास. माझ्या बहिणीचं बोट त्या कोरड्या पापुद्र्यापर्यंतच पोचत होतं.

रोप उपसलं. मातीचा गोळा खालून लगद्यासारखा सुटला. मुळं तपकिरी. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आतला दोऱ्यासारखा धागा तसाच राहिला. मुळकुजीची ही खूण एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. बुंधाही मातीच्या रेषेशी दोनेक सेंटिमीटर काळा पडला होता.

तिसऱ्या कुंडीत मी भिंतीला लागून जरा माती बाजूला केली. पांढरी, टणक, टोकदार मुळं कुंडीच्या कडेनं खाली गेलेली. माती तीच होती, पाणी तेवढंच होतं. रोपही फार आदर्श नव्हतं. खतामुळे पेरं लांब झाली होती, झुबक्यांचा रंग फिका होता. पण मुळं जिवंत होती.

खडीनं काय केलं

बहीण म्हणाली, “पण ताई, मी तर निचऱ्यासाठी खडी घातली होती. तिसऱ्या कुंडीत ती नव्हती, तरी तेच जगलं?”

मी स्वयंपाकघरातून भांडी घासायचा नवा स्पंज आणायला सांगितला. तो बादलीत पूर्ण भिजवला आणि तळहातावर आडवा ठेवला. पाणी टपटपलं आणि थांबलं. आता याच्यातून निचरायचं ते निचरलं, असं कुणीही म्हणेल. मग तोच स्पंज मी लांब कडेवर उभा केला. पुन्हा धार लागली. थांबली. मग आखूड कडेवर, अगदी उंच उभा केला. पुन्हा थेंब. स्पंज तोच, त्यातलं पाणी तेच, फक्त उंची वाढली.

कुंडीतली मातीही असाच स्पंज आहे. सगळं पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक ओलागच्च थर उरतो, ज्यात हवा शिरायला जागाच नसते. हा थर किती जाड ते मातीच्या बारीकपणावर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. समजा तो सहा सेंटिमीटर आहे. १२ सेंटिमीटर मातीत तो निम्मी जागा खातो. ३० सेंटिमीटरमध्ये तेवढाच थर तळाशी पडून राहतो आणि वर मुळांना वीतभर मोकळी जागा उरते.

आणि खडी? तिनं हा थर आणखी वर उचलला. पाणी बारीक मातीतून भरड खडीत आपणहून उतरत नाही. बारीक पोकळ्या पाणी घट्ट धरतात, खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घ्यायची ताकद नसते. माती पुरती भिजून जड झाली की मगच थेंब सुटतो. म्हणजे खडीच्या वर, मुळांच्या ऐन मध्यात, पाणी तरंगत उभं राहिलं. पाच सेंटिमीटर मातीची जागाही गेली ती वेगळीच. झिलईच्या भिंतीतून ओल बाहेर पडत नव्हती आणि ताटलीत साचलेलं पाणी खालून परत वर चढत होतं.

माझी वाळू इथे येते. भरड वाळू मातीत मोठ्या पोकळ्या तयार करते. गिलाव्याची बारीक वाळू, तीही अर्धाच भाग, कंपोस्टमधल्या होत्या त्या पोकळ्या बुजवते. मी निचरा म्हणून जे सांगितलं त्यानं निचरा कमी झाला. “वाळू मिसळ” हा अर्धा सल्ला आहे, आणि बागकामात अर्धा सल्ला मी यापुढे फोनवर देत नाही.

शेतकऱ्याकडे या सगळ्यासाठी एक नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेला की लगेच पेरणी करत नाहीत, वाफशाची वाट पाहतात. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरून तिथे हवा आलेली असते, बारीक पोकळ्यांत ओल टिकून असते, मुळांना दोन्ही एकाच वेळी मिळतं. या दोन कुंड्यांना साडेतीन महिन्यांत एकदाही वाफसा आला नव्हता. हवेपेक्षा पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो, त्यामुळे ओल्यागच्च मातीतली मुळं अक्षरशः गुदमरतात. उष्ण दिवसांत तर दुहेरी मार बसतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, ३५ अंशांना सुमारे ७ च उरतो, आणि नेमकी तेव्हाच मुळांना श्वासासाठी जास्त गरज असते. गुदमरलेल्या मुळांवर पाण्यात पोहणाऱ्या बुरश्या चढतात. मूळ मेलं की पाणी वर जात नाही आणि पान सुकतं. भोवती पाणीच पाणी, आणि रोप तहानेनं मरतं आहे. वहीतल्या “दुपारी माना टाकतात” या नोंदीचा अर्थ हा होता.

डोंगरातल्या आईबापांचं इथे आठवायचं. भूमध्य प्रदेशात या रोपांवर पाऊस पडत नाही असं नाही, हिवाळ्यात चांगला पडतो. पण ती उभी असतात कड्याच्या फटीत. पाणी येतं आणि त्याच क्षणी खाली निघून जातं, मागे ओलसर दगड आणि खेळती हवा राहते. क्रीट बेटावरची डिक्टॅम्नस ही त्यांची भावंडं तर थेट दरीच्या भिंतींवर उगवतात, पानं पांढऱ्या लोकरीनं मढवलेली. ज्या जातीची पानं जितकी केसाळ, तिला पानांवरचं पाणी तितकं जास्त बाधतं, हा माझा अनुभव आहे. ‘केंट ब्यूटी’ तेवढी नाजूक नाही, तरी रोज संध्याकाळी डोक्यावरून पाणी आणि रात्रभर ओली पानं हे तिलाही चालत नाही.

काय केलं

बहिणीनं बुरशीनाशकाबद्दल विचारलं. मी नको म्हटलं. कुजलेली मुळं कुठल्याही औषधानं परत येत नाहीत, आणि कुंडीत हवाच नसेल तर उरलेलीही जातील. दुसरं रोप मुळासकट वाचण्यातलं नव्हतं, पण त्याचे शेंडे वरच्या बाजूला अजून हिरवे होते. रोप वाचवण्यापेक्षा वाण वाचवायचा असं ठरवलं. संकर असल्यामुळे ‘केंट ब्यूटी’ बियांपासून तशीच येत नाही, छाटकलम हाच रस्ता.

झुबके न आलेले आठ शेंडे निवडले, प्रत्येक सहा-सात सेंटिमीटरचा. झुबका असलेला दांडा मुळं फोडण्यापेक्षा त्या झुबक्यावरच जीव टाकतो. काप एका पेराच्या किंचित खाली, धारदार पात्यानं. खालची पानं खुडली. दांड्याचा काप मी भिंगातून पाहिला. कडेला तपकिरी रेघ दिसली तर आणखी वर कापायचं, आत पांढरंहिरवं दिसेपर्यंत. दोन शेंड्यांच्या बाबतीत दोनदा वर सरकावं लागलं. परलाइट (ज्वालामुखी खडक तापवून फुलवलेले हलके पांढरे दाणे) आणि भरड वाळू समसमान घेऊन त्यात कलमं खोचली आणि उजेडाच्या सावलीत ठेवली. वरून प्लास्टिकची पिशवी बांधली नाही. तुळस-पुदिन्याला ती चालते, पण या पानांवर बंद दमट हवेत दोन दिवसांत करडी बुरशी धरते. दिवसातून एकदा बाजूची हवा ओलसर करायची, पानं नाहीत.

चौथ्या आठवड्यात एकेक कलम हलकेच ओढून पाहिलं. पाचांनी अडकून प्रतिकार केला, म्हणजे मुळं धरली होती. तीन काळी पडून गेली. त्यांत तो दोनदा वर कापलेल्यांपैकी एक शेंडा होता.

दरम्यान कुंड्या धुतल्या: घरातलं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात दहा मिनिटं बुडवून, मग स्वच्छ पाण्यानं. जुनी माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत वापरायची नाही असं बजावलं.

नव्या मातीत तीन भाग भरड, एक भाग बागेची माती, एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. भरड म्हणजे विटेचे बारीक तुकडे, भरड वाळू आणि परलाइट, २ ते ६ मिलिमीटरचे. इथे चाळणीचं काम नेमकं उलटं आहे. गिलाव्याला चाळणीखाली पडलेलं घेतात. कुंडीला चाळणीवर उरलेलं घ्यायचं आणि खाली पडलेली धूळ टाकायची. बहिणीला हे पटायला वेळ लागला, कारण मऊ माती म्हणजे चांगली माती हा आपल्या हातांचा जुना समज आहे. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा ते दोन-तीन सेकंदांत दिसेनासं झालं आणि लगेच खालून धार आली. जुन्या मातीत ते वर तळ्यासारखं उभं राहायचं.

खडी आम्ही फेकली नाही. धुतली आणि मातीच्या वर, बुंध्याभोवती बोटभर पसरली. बुंधा कोरडा राहतो, लोंबणारे दांडे ओल्या मातीवर टेकत नाहीत, पाणी घालताना चिखल पानांवर उडत नाही. खडी घालायची तिची कल्पना बरोबर होती, घालायची जागा वरची होती.

कुंडी की माती?

तिसरी कुंडी एकाच वेळी चार बाबतींत वेगळी होती: उंच, खडीविना, श्वास घेणाऱ्या भिंतीची आणि ताटलीविना. यातलं नेमकं कोण कामाला आलं हे त्या एका रोपावरून ठरवता येत नव्हतं. म्हणून रुजलेल्या पाच कलमांपैकी एक मुद्दाम त्याच पसरट झिलईच्या कुंडीत लावायला सांगितलं: नवी माती काठोकाठ, खाली खडी नाही, ताटली नाही, खाली तीन चपटे दगड. एक कलम उंच मातीच्या कुंडीत, नव्या मातीत. तिसरं एका मैत्रिणीला दिलं, दोन मी घरी आणली. मूळचं तिसरं रोप जुन्याच मातीत होतं तसं ठेवलं, फक्त पातळ खत बंद केलं.

पसरट कुंडीतलं कलम जगलं. वर्षानंतरही आहे. पण ऊन तापलं की त्याला एक दिवसाआड पाणी लागतं, तर उंच कुंडीतल्याला चार-पाच दिवस लागत नाही. त्याचा पसारा निम्माच आहे आणि झुबके कमी. यावरून मला वाटतं, जीव वाचवला तो मातीच्या भरडपणानं, आणि रूप दिलं ते कुंडीच्या खोलीनं. दोन्ही जमत नसेल तर आधी माती सुधारावी.

खत बंद केल्यावर मूळच्या रोपाची नवी पेरं आखूड आली, पानं लहान आणि अधिक निळसर. कठड्याच्या दक्षिण टोकाला सरकवल्यावर, जिथे सहा-सात तास ऊन येतं, झुबक्यांचा गुलाबी रंग दिसण्याइतका गडद झाला. सावलीत ते पोपटीच राहतात.

वर्षभरात आलेल्या इतर अडचणी

पाणी कमी केल्यावर पहिल्याच कडक उन्हाळ्यात पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके आणि खाली बारीक जाळी: लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. गरम, कोरड्या कोपऱ्यात तो येतोच. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला जोरदार फवारा, दुपारपर्यंत पानं कोरडी, असं दोन-तीन दिवसांआड दोन आठवडे केलं. गेला.

ऋतू सरताना बहिणीचा घाबरा फोन आला. “ताई, सगळे झुबके तपकिरी होतायत. पुन्हा तेच झालं का?” मी काडी खोचायला सांगितली. काडी खालपर्यंत नुसती ओलसर, वास नाही, पानं चिवट. रोग नव्हता. सहपत्रं पिकली होती. ती वाळून कागदासारखी होतात आणि दांड्यावरच राहतात. रंग भरात असताना, तपकिरी व्हायच्या आधी दांडे कापून छोट्या जुड्या सावलीत, वाऱ्यावर उलट्या टांगल्या तर फिक्या गुलाबीतच वाळतात. पुढच्या खेपेला तिनं तसं केलं.

तिला तेव्हा सगळे दांडे बुडापासून छाटून टाकायचे होते. मी थांबवलं. थंडीत रोप झोपतं, वरचं वाळलेलं पांघरूण बुडाच्या कोंबांना सांभाळतं. थंडी सरताना बुडाशी मोहरीएवढे हिरवे कोंब दिसले की त्यांच्या वर दोन-तीन सेंटिमीटर राखून छाटायचं. नुसत्या जुन्या लाकडात, जिथे कोंब नाहीत तिथे छाटलं तर तो दांडा बहुधा परत फुटत नाही.

आणि माझ्याकडच्या दोनपैकी एक कलम त्याच थंडीत गेलं. माती बरोबर होती, कुंडी उंच होती. पण मी ती छपराच्या कडेखाली ठेवली होती आणि अवकाळी पावसाच्या पागोळ्या रात्रभर नेमक्या तिच्यावर गळत राहिल्या. झोपलेल्या रोपाला पाणी जवळपास लागतच नाही, आणि मिळालेलं ते वापरत नाही. दुसरी कुंडी तिथून हातभर आत होती. ती आज फुललेली आहे.

वाफ्याचा प्रश्न

आता बहिणीला ओरेगॅनो खाली जमिनीत हवा आहे, वाटेच्या कडेनं. ‘केंट ब्यूटी’ तिथे लावू नको असं मी स्पष्ट सांगितलं. तिची माती चिकण आहे आणि झुबके चिखलात लोळतील. त्या जागी लेव्हिगाटम या जातीतली ‘हेरेनहाउझेन’ घ्यावी असं माझं मत आहे. तिचं नाव जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन उद्यानांवरून आलं आहे. दांडे ताठ, उंची गुडघ्याच्या आसपास, जांभळ्या मंजिऱ्या, आणि फुलली की मधमाश्या दिवसभर हटत नाहीत. अंगानंही ती ‘केंट ब्यूटी’हून दणकट. तरी तिलाही पाण्यात उभं राहायला आवडत नाही.

म्हणून आधी जागा तपासली. हातभर खोल खड्डा घेतला, पाण्यानं काठोकाठ भरला, एकदा जिरू दिला आणि पुन्हा भरून रात्रभर सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला चार बोटं पाणी तसंच उभं होतं. तिथे अजून काही लावलेलं नाही. वाफा वीत-दीड वीत उचलायचा, कडेनं दगड रचायचे आणि भरड माती भरायची असं ठरलं आहे. वाळू ती यावेळी मला दाखवून मगच घालणार आहे.